निषेधाची कृती ठरवताना

बैठकीत निवेदन, धरणं वगैरे बोलून झालं की एखादा तरुण म्हणतोच, ‘ताई, खळबळ उडेल असं काहीतरी करू या.’ मग पुतळा जाळायचा, काळं फासायचं, राष्ट्रगीताला बसून राहायचं अशा सूचना येतात. लगेच कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटतं, असल्या नाटकांनी काही होत नाही, उलट लोक बिथरतात. दोघांचंही ऐकून घेते आणि फळ्यावर मागणी लिहायला लावते. एका वाक्यात. ती लिहिता येईना तर कृतीचा विषय तिथेच थांबवते.

मागणी लिहून झाली की कृती तिच्याच जितकी जवळ नेता येईल तितकी न्या. महाडइतका चोख नमुना मला दुसरा माहीत नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ सालीच केला होता, पुढे महाड नगरपालिकेनेही केला. कागद तयार, पाणी बंद. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मागणी काय आहे हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. सनातन्यांनी मग पंचगव्याने तळं ‘शुद्ध’ करून घेतलं, म्हणजे आरोप खरा असल्याचं आपल्याच हाताने सिद्ध केलं. तळ्याचा वाद कोर्टात गेला आणि अंतिम निकाल लागायला मात्र १९३७ उजाडलं. तेव्हा पुढची दहा वर्षं वकिलाकडे खेटे घालणारी माणसं आपल्यात आहेत का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी इथेच शांतता पसरते.

ऑक्टोबर २०२२मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत खनिज तेलाला विरोध करणाऱ्या कार्यकर्त्यांनी व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांच्या चित्रावर टोमॅटो सूप फेकलं. काच होती म्हणून चित्र वाचलं. बातमी जगभर गेली, पण सूर्यफुलांचा आणि खनिज तेलाचा संबंध काय, हे प्रत्येकाला समजावत बसावं लागलं. माझ्या मते ती कृती तिथेच फसली.

कृती ठरली की रंगीत तालीम घ्या. आंदोलनाशी काही देणंघेणं नसलेल्या माणसासमोर ती मुकाट्याने करून दाखवायची आणि एवढंच विचारायचं, ‘काय दिसलं?’ एकदा आम्ही तोंडाला पांढऱ्या पट्ट्या बांधून ओळीत उभे राहिलो. सभागृहाचा रखवालदार म्हणाला, ‘काय, साथबिथ आलीय का?’ पट्ट्या काळ्या झाल्या आणि त्यावर मागणीचे दोन शब्द आले.

आता अपमानाचं. कुणाला तरी लागणारच. कुणाला लागलेलं चालेल, ते ठरवा. अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन केपरनिक २०१६मध्ये पोलिसी अत्याचार आणि वर्णभेदाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी बाकावर बसून राहिला. नेट बोयर या माजी सैनिकाला ते खुपलं. दोघं भेटले, बोलले. पडलेल्या साथीदाराच्या थडग्यापुढे सैनिक गुडघा टेकतात, तसं कर, असं बोयरनी सुचवलं. पुढच्या सामन्यापासून केपरनिकने गुडघा टेकला. मुद्दा जिथल्या तिथे राहिला, फक्त बसणं बदललं. नाराजी संपली असं नाही: त्या हंगामानंतर त्याला एकाही संघाने घेतलं नाही. तरी २०२०च्या वर्णभेदविरोधी मोर्चांमध्ये देशोदेशीची माणसं तशीच गुडघ्यावर बसली. ज्याच्या भावनेला धक्का लागणार, त्याला आधी भेटायचं ते यासाठी. परवानगी मागायला नव्हे हं!

कायद्याचं थोडक्यात. राष्ट्रध्वज जाळणं अमेरिकेत १९८९च्या निकालाने अभिव्यक्ती ठरलं; भारतात १९७१च्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण केरळमधली तीन शाळकरी भावंडं राष्ट्रगीताला उभी राहत, फक्त गात नसत. शाळेने काढून टाकलं, तेव्हा हा अपमान नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८६मध्ये सांगितलं. वकिलाला कृती नेमकी करून दाखवा, नुसतं वर्णन करू नका.

दुसऱ्या दिवशी फोटो किती फिरले हे मोजण्यात वेळ घालवू नका. समोरच्याचं निवेदन काढा आणि त्यात आपल्या मागणीचा शब्द कुठे येतो ते पेन्सिलीने अधोरेखित करा. तो शब्दच आला नसेल आणि सगळा मजकूर आपल्या वागण्यावर असेल, तर पुढच्या बैठकीत मागणी तशीच ठेवून कृती बदला.