कळा सुरू करण्यासाठी दाखल होताना: जेल, फुगा, ड्रिप आणि मधलं वाट पाहणं

तारीख उलटून आठवडा झाला, बीपी वाढलं, बाळाची वाढ मंदावली, किंवा पाणी गेलं पण कळांचा पत्ता नाही, अशा वेळी डॉक्टर सांगतात, ‘दाखल व्हा, कळा सुरू करू.’ घरचे त्याच संध्याकाळी पेढ्यांची तयारी करतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ‘अजून कसं काही नाही?’ म्हणून घाबरे होतात. पहिलटकरणीला गर्भाशयाचं तोंड मऊ करणारं जेल लावल्यापासून बाळ हातात येईपर्यंत २४ तास लागणं अगदी नेहमीचं आहे, कधी त्याहूनही जास्त. हे दाखल होण्याआधीच घरात सगळ्यांना स्पष्ट सांगून ठेवा.

आधी कारण विचारा. ४१ आठवडे पूर्ण झाले असतील तर कळा सुरू करण्याचा सल्ला जागतिक आरोग्य संघटनाही देते. पण ते ४१ आठवडे नीट मोजलेले हवेत. त्यासाठी पहिल्या तीन महिन्यांतला सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबत न्या. शेवटच्या सोनोग्राफीतल्या तारखेपेक्षा तो जास्त भरवशाचा. पत्रिकेतला मुहूर्त किंवा मामांची रजा हे कारण होऊ शकत नाही. आधी सिझेरियन किंवा गर्भाशयाचं दुसरं कुठलंही ऑपरेशन झालं असेल, तर फाइलमध्ये लिहिलेलं असलं तरी तोंडानेही सांगा. अशा बाईला काही औषधांनी जुना टाका उसवण्याचा धोका असतो.

दाखल झाल्यावर पोटाला पट्टे बांधून २० मिनिटं बाळाचे ठोके पाहतात, म्हणजेच एनएसटी. मग आतून तपासणी. गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडलंय, किती पातळ आणि मऊ झालंय, कुठल्या दिशेला आहे आणि डोकं किती खाली आलंय, या पाच गोष्टींना गुण देतात. त्याला बिशप स्कोर म्हणतात. ‘माझा स्कोर किती?’ हा प्रश्न जरूर विचारा, पुढची सगळी वाट त्यावरच ठरते. ८ किंवा जास्त असेल तर तोंड तयार आहे. ६ किंवा कमी असेल तर आधी ते मऊ करावं लागतं, आणि वेळ खातं ते हेच काम. घट्ट तोंडावर नुसती कळांची ड्रिप लावली तर बाई दमते आणि तोंड जागचं हलत नाही.

तोंड मऊ करण्याचे तीन मार्ग आपल्याकडे जास्त वापरात आहेत. जेल म्हणजे डायनोप्रोस्टोन या औषधाची ०.५ मिलिग्रॅमची तयार सिरिंज. ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, म्हणून मेडिकलमधून आणायला सांगितलं तर बर्फाच्या पिशवीसकट आणा आणि थेट सिस्टरच्या हातात द्या. जेल लावायच्या आधी शू करून या, कारण नंतर अर्धा तास आडवं राहायचं असतं. लगेच उठलं तर जेल बाहेर येतं. पुढचा डोस लागलाच तर ६ तासांनी, आणि २४ तासांत जास्तीत जास्त तीन. दुसरा मार्ग मिसोप्रोस्टॉलची गोळी. याचा डोस २५ मायक्रोग्रॅम, गिळायची तर दर २ तासांनी किंवा योनीमार्गात दर ६ तासांनी. दुकानात २०० मायक्रोग्रॅमची गोळीही मिळते, म्हणजे आठपट. म्हणून ही गोळी कोणी बाहेरून आणून दिली तर घेऊ नका. थंडी वाजणं, अंग गरम होणं, उलटी, पातळ जुलाब यातलं काही झालं तर सिस्टरला सांगा. बहुतेकदा तो औषधाचा परिणाम असतो, पण तापाची तपासणी झालीच पाहिजे.

तिसरा मार्ग फुग्याचा. लघवीसाठी वापरतात तीच फोलीची नळी गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवून तिचा फुगा ३० ते ६० मिली सलाईनच्या पाण्याने फुगवतात आणि नळी मांडीला चिकटवून ठेवतात. घालताना पाळीसारखं दुखतं, थोडं रक्त दिसतं. शौचालयात गेल्यावर नळी सटकून हातात आली की बायका घाबरतात. घाबरण्याचं कारण नाही: फुगा आपोआप पडला म्हणजे तोंड साधारण ३ ते ४ सेंटिमीटर उघडलं. ती वेळ लिहून ठेवा आणि सिस्टरला कळवा.

या टप्प्यात चाला, झोपा, खा. मऊ भात, पेज, उपमा चालतो. उपाशी राहून रात्र काढली तर खऱ्या कळांच्या वेळी अंगात ताकद उरत नाही. पुढे कळा जोरात आल्या की काय खायचं-प्यायचं हे डॉक्टरांना विचारूनच.

तोंड तयार झालं की पाण्याची पिशवी फोडतात. त्याचा रंग स्वतः पाहा. पाणी स्वच्छ किंवा किंचित दुधाळ असेल तर ठीक. हिरवट असेल तर बाळाने पोटात शी केलेली असते. मग ठोक्यांवर सतत लक्ष हवं. भळाभळा लाल रक्त आलं किंवा योनीतून दोरीसारखं काही बाहेर आल्यासारखं वाटलं तर उठू नका, कमरेखाली उशी घ्या आणि जोरात हाक मारा.

मग ऑक्सिटोसिनची, म्हणजे कळा आणणाऱ्या औषधाची ड्रिप. जेलनंतर ६ तास गेल्याशिवाय ती लावत नाहीत. नेहमीचा हिशेब असा: ५०० मिली सलाईनमध्ये ५ युनिट, म्हणजे २० थेंबांना १ मिली देणाऱ्या सेटने मिनिटाला ४ थेंब ही सुरुवात, आणि कळा पाहून साधारण दर अर्ध्या तासाने वाढ. पंप नसेल तर हात दुमडला तरी थेंबांचा वेग बदलतो, म्हणून हात सरळ ठेवा. सोबतच्या माणसाने ड्रिपच्या चाकाला हात लावायचा नाही. ‘थोडी जोरात सोडली की लवकर मोकळी होईल’ हा समज बाळाच्या जिवावर बेतू शकतो. गर्भाशय सैल पडतं त्या मधल्या वेळातच बाळाला पुरेसं रक्त मिळतं. प्रसूतीआधी हेच औषध कोणी दंडात किंवा कमरेत टोचत असेल तर साफ नकार द्या. तिथून ते परत काढता येत नाही.

सोबत्याला एक काम देता येतं. तळहात पोटाच्या वरच्या भागावर सपाट ठेवून घड्याळ लावायचं. पोट कपाळासारखं टणक झालं की कळ सुरू, नाकाच्या शेंड्यासारखं मऊ झालं की संपली. १० मिनिटांत ३ ते ५ कळा हव्यात. पाचापेक्षा जास्त झाल्या किंवा मधे पोट सैलच पडेना, तर लगेच सिस्टरला सांगा. ड्रिप बंद करून डाव्या कुशीवर झोपवतात, ठोके तपासतात. बहुतेकदा तेवढ्याने सावरतं.

ड्रिपच्या कळा लवकर टोकाला जातात. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन हवं असेल तर भूलतज्ज्ञ रात्री उपलब्ध आहेत का, हे दाखल होतानाच विचारा.

बाहेर बसलेल्यांचा धीर सुटतो आणि ‘सिझर करून टाका’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात. आई आणि बाळ ठीक असतील तर पिशवी फोडून ड्रिपवर निदान १२ ते १८ तास दिल्याशिवाय प्रयत्न फसला असं धरू नये. ठोके बिघडले, रक्तस्राव झाला किंवा ताप चढला तर मात्र तास मोजत बसू नये. दर तपासणीनंतर दोनच प्रश्न विचारा: आता किती सेंटिमीटर, आणि पुढे काय, किती वाजता?

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली औषधं, तपासण्या, जेवण आणि सिझेरियनसुद्धा मोफत आहे. जेलचे पैसे मागितले तर वैद्यकीय अधीक्षकांकडे विचारणा करा.

बाळ झालं म्हणून ड्रिप लगेच काढायला लावू नका. बराच वेळ औषधावर राहिलेलं गर्भाशय नंतर नीट आकसत नाही आणि रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून ती काही तास चालू ठेवतात. बेंबीजवळ पोट चेंडूसारखं घट्ट लागायला हवं. ते मऊ पडलं, तासाभरात पॅड पूर्ण भिजला, मोठ्या गाठी पडल्या किंवा गरगरलं, तर बाळाला सोबत्याकडे देऊन तिथल्या तिथे आडव्या व्हा आणि सिस्टरला बोलवा.