टीव्हीच्या जुन्या डिशवर सूर्य पकडा
जुनी डिश भंगारात देऊ नका. एलएनबी (डिशसमोरच्या दांड्यावरचा, लहरी टिपणारा डबा) आणि सेट-टॉप बॉक्सच्या मध्ये सॅटेलाइट फाइंडर (सिग्नलचा जोर काट्याने दाखवणारा छोटा मीटर) जोडा. डिश मोकळ्या आकाशाकडे करून काटा जेमतेम हलेल इतका नॉब फिरवा. मग सूर्याकडे वळवा. डिशच्या मधोमध आरशाचा नखाएवढा तुकडा चिकटवा. कवडसा एलएनबीच्या तोंडावर पडला की नेम बसला. (सूर्याकडे बघायचं नाही, कवडशाकडेच!) काटा सर्रकन चढतो. पहिल्यांदा चढला तेव्हा मी आईला हाका मारून गच्चीवर आणलं होतं.

काटा चढवतात त्या सूर्याच्या रेडिओ लहरी. हे स्टेशन नव्हे. तप्त वायूतून सगळ्या फ्रिक्वेन्सींवर सलग येणारा गोंगाट आहे, म्हणून ट्यूनिंग लागत नाही. दीर्घिकांचा (आपल्या आकाशगंगेसारख्या प्रचंड तारासमूहांचा) गोंगाट बहुतांशी चुंबकक्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा, कमी फ्रिक्वेन्सीला जास्त जोरकस. तो टिपायला पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटरच्या ३० डिश आहेत.