कोंबडीच्या जखमेत किडे पडले तर

पावसाळ्यात कोंबडीला मुंगसाने ओरबाडलं की जखमेत किडे पडणार, हे धरूनच चालायचं. हिरवी-निळी माशी ओल्या जखमेवर अंडी घालते आणि दमट हवेत ती 24 तासांच्या आत फुटतात. कोंबडी पिसं फुलवून, मान आत ओढून कोपऱ्यात बसलेली दिसली आणि जवळ गेल्यावर कुजकट वास आला, तर उद्यावर ढकलू नका. पंख उचला, पाठीवरच्या पिसांत फुंकर मारा, शेपटीखाली बघा. शेपटीखाली विष्ठा चिकटून राहिली असेल तर दिसेल अशी जखम नसतानाही तिथे किडे पडतात.

शेजारपाजारचे लगेच रॉकेल, फिनाईल नाहीतर टर्पेंटाईन ओतायला सांगतील. ओतू नका. उघडं मांस भाजतं, आणि कोंबडी चोचीने जखम साफ करायला जाते तेव्हा तेच पोटात जातं. बैलाच्या खांद्यावर जे चालतं ते दीड किलोच्या पक्ष्याला चालत नाही. माणसांची वेदनाशामक, बधिर करणारी मलमंसुद्धा लावू नका.

लागणाऱ्या वस्तू: हातमोजे, जुना टॉवेल, बोथट टोकाचा चिमटा, छोटी कात्री, सुई काढलेली सिरिंज, खोबरेल तेल, बीटाडीन, साबणाच्या कढत पाण्याचं भांडं, आणि उकळून कोमट केलेलं मीठपाणी, लिटरला चहाचा दीड सपाट चमचा मीठ. हे काम दिवसाउजेडीच करा.

कोंबडीला टॉवेलात गुंडाळून डोळ्यांवर कापड टाका, अंधार झाला की ती शांत होते. छाती मात्र आवळू नका. पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो, घट्ट धरलेली कोंबडी हातातच जाते.

जखमेभोवतीची पिसं दोन बोटं रुंद कापा, उपटू नका. कापलेल्या पिसांच्या बुडाशी रव्याच्या लांबुडक्या कणांसारखी पांढरी अंडी दिसतील. ती पिसं चुलीत टाका.

आता खरं काम. माझी पहिली तांबडी कोंबडी इथेच गेली. मी मीठपाण्याने जखम धुतली, तीसेक किडे काढले, वर हळदीचा जाड लेप दिला आणि तिला खुराड्यात सोडली. दुसऱ्या दिवशी तिने दाणे टिपले, मला वाटलं सुटली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती मेलेली होती. हळदीची खपली उचलली तर खाली मांसच उरलं नव्हतं. वरून जखम वाळत होती आणि आत किडे खात होते. तेव्हापासून माझं एकच सांगणं आहे: जखम सलग दोन दिवस स्वच्छ निघेपर्यंत वर खपली धरेल असं काहीही लावायचं नाही, हळदही नाही.

वरवर धुऊन का भागत नाही, ते एकदा नीट बघा. किड्याचं तोंड मांसात खुपसलेलं असतं आणि तो श्वास घेतो मागच्या टोकाने. त्या टोकावर दोन बारीक तपकिरी ठिपके दिसतात, ती त्याची श्वासाची भोकं. नुसतं पाणी मारलं की तो आणखी आत शिरतो. म्हणून आधी जखम कोमट खोबरेल तेलाने काठोकाठ भरा आणि दहा मिनिटं हात आवरा. हवा मिळेना झाली की किडे वर यायला लागतात. मग एकेकाला मागच्या टोकाला धरून सरळ ओढा, चिरडू नका. भांड्यात टाका, मोजत बसू नका.

मुंगसाच्या दाताचं भोक मुगाएवढं असतं, पण कोंबडीची कातडी सैल, त्यामुळे खाली पिशवी होते. भोकापासून चार बोटं लांबसुद्धा कातडी आतून हलताना दिसते. त्या टोकापासून भोकाकडे अंगठ्याने हलकेच सारत या, सिरिंजने मीठपाणी सोडा, पुन्हा तेल, पुन्हा दहा मिनिटं. किमान तीन फेऱ्या होतात. कोंबडी चोच उघडून धापा टाकायला लागली तर थांबा, अंधाऱ्या खोक्यात तासभर ठेवा, मग पुढचं. घाईने एका बैठकीत संपवायच्या नादात घाबरून मेलेल्या कोंबड्या मी पाहिल्या आहेत.

जखम पोटाच्या आत उतरली असेल किंवा किडे विष्ठेच्या वाटेने आत गेले असतील, तर चिमटा खाली ठेवा आणि तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. 1962 वर फोन करूनही विचारता येतं. प्रतिजैविक आणि किड्यांचं इंजेक्शन डॉक्टरांनीच वजन बघून द्यायचं.

शेवटी तेल नीट टिपून घ्या, तेलकट पिसांत ऊब राहत नाही. फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ केलेलं बीटाडीन लावा. पट्टी नको. खोक्यात पेंढा न घालता जुनं सुती कापड घाला, वर मच्छरदाणी, चारही बाजूंनी दाबलेली. एक माशी आत शिरली तरी सगळं पहिल्यापासून.

खायला मऊ भात आणि उकडलेलं अंडं, प्यायला किंचित गुळाचं पाणी समोर ठेवा. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं.

बारा तासांनी पुन्हा टॉवेल, पुन्हा तेल, पुन्हा चिमटा. निसटलेली अंडी तोवर फुटलेली असतात आणि केसाएवढे नवे किडे सापडतातच. सकाळ-संध्याकाळ असे चार दिवस. वास गेला आणि तळाला गुलाबी, दाणेदार मांस दिसलं की जखम भरायला लागली. मग हवी तर हळद लावा.

लाल मांस दिसतंय तोवर तिला कळपात सोडू नका, बाकीच्या कोंबड्या टोचून टोचून ते पुन्हा उघडतात. माझ्याकडे बहुतेक वेळा तीन आठवडे लागतात. औषध चालू असताना दिलेली अंडी खाऊ नका, नंतर किती दिवस टाळायची ते औषध देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.