बसायचंच आहे तर दाढा सांभाळून बसा

आधीच सांगतो, दारू सोडा म्हणून लेक्चर द्यायला आलो नाहीये, मी स्वतः महिन्यातनं दोन-तीनदा बसतो. पण गेल्या वर्षी एकाच बाजूच्या दोन दाढा किडल्या, एकीला सिमेंट, दुसरीला थेट रूट कॅनल, आणि डेंटिस्ट मॅडमनी पहिला प्रश्न काय विचारला तर "कशात घालून घेता?" मला वाटलं होतं किती घेता विचारतील. म्हटलं रम, कोल्ड्रिंकमधे. "मग बरोबर आहे" म्हणाल्या आणि छोटा आरसा धरून दाखवलं, हिरडीला लागून दाढेवर खडू ओढल्यासारखा पांढरट पट्टा. कीड तिथनंच सुरू होते म्हणे.

झालं काय तर तोंडात बॅक्टेरिया सगळ्यांच्याच असतात, त्यातला स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स नावाचा साखर खातो आणि अ‍ॅसिड सोडतो, आणि दातावरचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, विरघळायला लागतं. मग लाळ येऊन ते अ‍ॅसिड मारते, पण तिला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. आता आठला बसून बाराला उठणारा माणूस दर पाच मिनिटाला गोड घोट घेतोय तर लाळेने काम करायचं कधी? वर दारूने दहादा लघवीला पळवलेलं, अंगातलं पाणी गेलेलं, तोंडाला कोरड. आणि मग तसंच आडवं व्हायचं, झोपेत तर लाळ आणखीच कमी होते. सकाळी तोंडाचा जो वास येतो ना तो नुसता दारूचा नसतो, रात्रभर बॅक्टेरियांची पार्टी चाललेली असते.

म्हणून सगळ्यात आधी मिक्सर बदला. 250 मिली कोल्यात 25 ग्रॅमच्या आसपास साखर, म्हणजे पाच-सहा चमचे, तीन पेगांना तीन बाटल्या तर करा हिशोब. रम, व्हिस्की पाण्यात घ्या, नाहीतर साध्या सोड्यात. डाएट कोल्यात साखर नसते पण अ‍ॅसिड असतंच, त्यामुळे अर्धाच फायदा. टॉनिक वॉटर कडू लागतं म्हणून फसू नका, त्यातही साखर असते. गोव्याला एप्रिल-मे मधे उर्राक (काजूच्या बोंडांची हलकी दारू) पिणारे लिम्का, लिंबू, मीठ, मिरची घालून पितात, चव एक नंबर, मीही सोडत नाही, पण साखर आणि आंबट दोन्ही एकाच ग्लासात, तर ते तासन्‌तास चघळत बसू नका. वाईन गोड नसली तरी चांगलीच आंबट असते.

ग्लासाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवा आणि दर पेगमागे ग्लासभर पाणी, ते तोंडात जरा फिरवून गिळा. चखण्याला वेफर्स आणि शेव दाढेच्या खाचेत चिकटून बसतात, त्यापेक्षा खारे शेंगदाणे, काकडी, अंडं, चीजचे तुकडे बरे.

पिऊन उठल्यावर लगेच ब्रश नको, अ‍ॅसिडने एनॅमल मऊ पडलेलं असतं. नीट चूळ भरायची, अर्धा तास थांबायचं, मग मऊ ब्रशने घासायचं. पण पिऊन अर्धा तास थांबायचं म्हणून सोफ्यावर टेकलो की सकाळ तिथेच होते, हा स्वानुभव. म्हणून मी आता शेवटचा पेग जेवणाच्या बराच आधी संपवतो, जेवण झालं की नुसतं पाणी, आणि घरी येऊन चप्पल काढल्या काढल्या चूळ, मग गप्पा मारून ब्रश. पेस्ट फ्लोराइडवाली घ्या, पाकिटावर फ्लोराइडचं प्रमाण 1000 पीपीएम वगैरे लिहिलेलं असतं. घासून झालं की फेस थुंकायचा, वर खळखळून पाणी मारायचं नाही, फ्लोराइड दातावर राहू दे.

उलटी झाली तर तेव्हा तर अजिबात घासू नका, पोटातलं अ‍ॅसिड कोल्यापेक्षा जहाल. ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून गुळण्या करा.

काही जण म्हणतात दारूने तोंडातले जंतू मरतात. अरे सॅनिटायझरमधे 60-70 टक्के अल्कोहोल असतं, व्हिस्कीत 42.8, तेही पाणी घालून, आणि दातावरच्या चिकट थरात बसलेल्या बॅक्टेरियाला त्याने काही होत नाही. उलट 2018 साली अमेरिकेत हजारावर लोकांच्या तोंडातले बॅक्टेरिया तपासले तेव्हा जास्त पिणाऱ्यांत नायसेरियासारखे प्रकार वाढलेले दिसले, ते दारूचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करू शकतात, आणि ते कॅन्सरवालं केमिकल आहे. सोबत तंबाखू-गुटखा असेल तर धोका दोघांच्या बेरजेपेक्षाही जास्त, तिथे दाढेची काळजी फार पुढची गोष्ट. आणि दुखऱ्या दाढेवर रमचा बोळा ठेवू नका, हिरडी भाजते, कीड तिथेच राहते.

शेवटचं एक, दाढ दुखते म्हणून डॉक्टरने मेट्रोनिडाझोल नावाचं अँटिबायोटिक दिलं असेल तर कोर्स चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस थेंबही नाही. मळमळ, उलट्या, छातीत धडधड होऊ शकते. मला मॅडमनी नेमकं शुक्रवारी दिलं होतं, आणि शनिवारी मित्राचा बड्डे. लिंबूपाणी पीत बसलो, बिनसाखरेचं.