आगोटीच्या यादीत कॉम्प्युटरही घ्या

मृग लागायच्या आधी घरोघर आगोट भरली जाते. सुकी मासळी, मसाला, लाकडं, पडवीला ताडपत्री. त्याच यादीत एक ओळ वाढवा: कॉम्प्युटरचा बॅकअप.

२२ जुलै २०२१ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा माझ्या मामेभावाकडे बॅकअप होता. दर शनिवारी वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करायचा आणि ती ठेवायचा कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात. चिखल उपसताना दोन्ही एकाच घमेल्यात निघाली. म्हणून एक प्रत गावाबाहेर हवीच, आणि क्लाउड म्हणजे तेवढंच: दुसऱ्याच्या, लांबच्या कॉम्प्युटरवर ठेवलेली आपली प्रत.

आधी निवड करा. सगळं चढवायला जाऊ नका. डिजिटल सातबारा महाभूमीच्या साइटवरून पुन्हा काढता येतो. आजोबांच्या हातचं वाटणीपत्र स्कॅन केलेलं असेल तर ते पुन्हा मिळणार नाही. घरचे फोटो, आंब्याचा हिशेब, दाखले असं सगळं एका फोल्डरमध्ये आणा. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये किती जीबी भरतात ते बघा.

मग सेवा ठरवा. फुकटात गूगल १५ जीबी देतं (त्यातच जीमेल आणि फोटोही आले), वनड्राइव्ह आणि आयक्लाउड ५, ड्रॉपबॉक्स २. बहुतेकांचं जीमेल असतंच, तेव्हा गूगल ड्राइव्ह सोपं. जागा संपली तर पैसे भरून वाढवा. दुसरं, तिसरं खातं उघडत बसू नका. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, आणि असली जादाची खातीच आधी विस्मरणात जातात.

कॉम्प्युटरवर ‘गूगल ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप’ टाका, लॉगिन करा, सेटिंगमधल्या ‘ॲड फोल्डर’ने आपला फोल्डर निवडा आणि ‘सिंक विथ गूगल ड्राइव्ह’वर खूण करा. स्क्रीनवरची नावं अधूनमधून बदलतात, गोंधळू नका. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, चालू डेटा मात्र थेट या फोल्डरात नको. टॅलीतूनच बॅकअप काढायचा आणि ती फाइल इथे ठेवायची.

पहिल्यांदा वेळ लागतो. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस असेल तर १० जीबीला साडेचार तास धरा. जाहिरातीतला वेग बहुधा डाउनलोडचा असतो, हे लक्षात असू द्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा डेटा तासाभरात उडेल, त्यापेक्षा वायफायवर रात्री लावा आणि लॅपटॉप स्लीपमध्ये जाणार नाही असं सेटिंग करा. लाईट गेली तरी हरकत नाही, आली की उरलेल्या फाइली आपोआप चढतात.

इथे एक खाच आहे. सिंक म्हणजे आरसा. कॉम्प्युटरवरची फाइल उडवलीत की क्लाउडवरचीही उडते. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते. व्हायरसने फाइली बिघडवल्या तर बिघडलेल्याच वर चढतात. म्हणून हार्ड डिस्कवरची प्रत सोडायची नाही, फक्त तिची जागा बदलायची. आमची डिस्क दर मे महिन्यात मुंबईच्या भावाबरोबर जाते आणि गणपतीला परत येते. खाऱ्या हवेचा भरवसा नाही, त्यामुळे सिलिका जेलच्या पुडीसकट हवाबंद डब्यात.

खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड विचारला जातो. पण वादळात टॉवर गेला तर ओटीपी येणार कुठून? गूगल १० बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून एक कागद घरी, एक भावाकडे ठेवा. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका, फोनच हरवला तर?

शेवटी उलटा प्रवास करून बघा. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर खातं उघडा, एखादी फाइल उतरवा आणि खरंच उघडते का बघा. मी हे सायबर कॅफेत केलं, तेव्हा कळलं की फोटोंचा फोल्डर जोडायचाच राहिला होता. आणि हो, उठताना लॉगआउट करा.