नाशिकमध्ये घर घेताना कामाच्या अंतराचा हिशेब कसा मांडावा

बांधकामाचा खर्च पाथर्डी फाट्याला आणि आडगावला जवळपास सारखाच येतो. म्हणून एकाच प्रतीच्या दोन सदनिकांच्या किमतीत जो फरक दिसतो तो मुख्यतः जमिनीचा असतो, आणि त्या भावात कामाच्या ठिकाणी पोहोचण्याची सोय धरलेली असते. ती सोय आपल्या उपयोगाची आहे का, हे ठरल्याशिवाय बयाणा देऊ नये.

नाशिकमधले रोजगार एका जागी नाहीत. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहती पश्चिमेला, नोटांचा छापखाना नाशिकरोडला, विमानांचा कारखाना ओझरला, तर सिन्नरचे कारखाने पुणे रस्त्याच्या बाजूला आहेत. पती अंबडला आणि पत्नी नाशिकरोडला नोकरीस असेल, तर गंगापूर रोडचा चढा भाव, त्या भागाची प्रतिष्ठा कितीही असो, या घराला परवडणारा नाही; तो भाग दोघांच्याही कामाच्या वाटेवर नाही.

सुट्टीच्या दुपारी जागा पाहून अंतराचा अंदाज बांधू नये. पाळी सुरू होण्याच्या किंवा सुटण्याच्या वेळी स्वतः गाडी चालवून पाहावी; नाशिकरोडहून सातपूरला जाताना द्वारका चौकात किती खोळंबा होतो, हे किलोमीटरच्या आकड्यावरून कळत नाही. सिटीलिंकच्या शहर बसने जाणाऱ्यांनी थांब्यापर्यंतचे चालणे आणि शेवटच्या बसची वेळही पाहावी.

मग फरक रुपयांत मांडावा. समजा, लांबच्या घरामुळे दुचाकीचे रोज 24 किलोमीटर वाढतात. महिन्याच्या 25 दिवसांत ते 600 किलोमीटर होतात. लिटरला 40 किलोमीटर आणि 100 रुपये धरले तर पेट्रोलला 1,500 रुपये आणि देखभालीला अंदाजे 600 रुपये लागतील. रोजचा एक तास जादा जात असेल आणि त्याचे मोल 80 रुपये धरले, तर आणखी 2,000 रुपये. एकूण झाले 4,100. नऊ टक्के व्याजाच्या 20 वर्षांच्या कर्जाला लाखामागे सुमारे 900 रुपये हप्ता पडतो, म्हणजे जवळच्या घरासाठी साडेचार लाखांपर्यंत जास्त देणे रास्त ठरते. वेळेचे मोल मात्र प्रामाणिकपणे धरावे. लहान मुले घरी वाट पाहत असतील तर ते 80 रुपयांहून निश्चितच जास्त आहे.

नियोजित प्रकल्पाच्या नावाने भाव वाढवला असेल, तर ती वाढ या हिशेबात धरू नये. मेट्रो निओ या टायरवर धावणाऱ्या नियोजित मेट्रोला राज्य मंत्रिमंडळाने 2019 मध्ये मंजुरी दिली, पण ती अजून धावत नाही.

शेवटी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमधून त्याच परिसरातील अलीकडच्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू), म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा किमतीसह गोषवारा, काढावी. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर मुद्रांक शुल्कासाठी असतो, प्रत्यक्ष भाव त्याहून वेगळा असू शकतो. सूचीतील भाव आणि आपला आकडा दोन्ही हाताशी ठेवूनच मालकाशी किमतीचे बोलणे करावे.