भूगोलाचं प्रात्यक्षिक: आकडा कुठून आला ते सांगता आलं पाहिजे

बारावी आणि बीएची मुलं प्रात्यक्षिकाच्या आठवडाभर आधी जर्नल उघडतात आणि व्याख्या पाठ करायला बसतात. समोच्च रेषा म्हणजे काय, नमुना निवड म्हणजे काय, क्षेत्रघनी नकाशा म्हणजे काय. व्याख्या यायलाच हव्यात, पण परीक्षक त्यावर फार वेळ थांबत नाहीत. ते तुमच्याच जर्नलमधल्या एका आकड्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, "हा कसा काढला?" तिथे बोलता आलं पाहिजे. मी वाईत भूगोल शिकवते, त्यामुळे उदाहरणं इथलीच घेते. तुम्ही तुमच्या गावची घ्या.

सुरुवात टोपोशीटपासून, म्हणजे चढउतार, ओढे, रस्ते, वस्त्या दाखवणाऱ्या सर्वेक्षण नकाशापासून करा, कारण तिथले गुण हातातून जाऊ नयेत. शीटचा क्रमांक नुसता पाठ करू नका, काढायला शिका. ४७ क्रमांकाचा नकाशा १६° ते २०° उत्तर आणि ७२° ते ७६° पूर्व एवढा भाग दाखवतो. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग होतात आणि त्यांना ए ते पी अशी अक्षरं वरून खाली, रकान्यारकान्याने दिली जातात. वाई १८° च्या किंचित खाली आणि ७४° च्या थोडी अलीकडे आहे, म्हणजे दुसऱ्या रकान्यातला तिसरा चौकोन, जी. त्या चौकोनाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग, तेही वरून खाली मोजायचे. वाई सगळ्यात उजव्या रकान्यात अगदी वर येते, म्हणून ४७ जी/१३. याच रीतीने पुणे शहर काढून बघा. ४७ एफ/१४ आलं, तर पद्धत समजली.

या शीटचं प्रमाण १:५०,०००, म्हणजे नकाशावरचे २ सेंमी जमिनीवर १ किमी. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, यांच्यात उंचीचा फरक २० मीटर आणि दर पाचवी रेषा जाड. ७०० आणि ९०० मीटरच्या रेषा २ सेंमी अंतरावर असतील, तर १,००० मीटर चालताना २०० मीटर चढ, म्हणजे उतार १:५. हे उदाहरण बोटावर असू द्या, उताराचा प्रश्न बहुतेक येतोच. नकाशावरच्या जागेचा सहा अंकी संदर्भ देताना आधी पूर्वेकडचा आकडा, मग उत्तरेकडचा. ओढा काळ्या रेषेने दाखवलेला असेल तर तो वर्षातला बराच काळ कोरडा असतो. नकाशातल्या वस्तीबद्दल, विहिरींबद्दल लिहिताना हा धागा वापरा, उत्तर एकदम वजनदार होतं.

आता क्षेत्रकार्य. यात मुलं सगळ्यात जास्त गडबडतात आणि खरं सांगायचं तर शिकण्यासारखंही इथेच सगळ्यात जास्त आहे. एक छोटा ओढा घ्या, गुडघ्याच्या आत पाणी असलेला, आणि पावसाळा संपल्यावरच जा. काठावर १० मीटर अंतर मोजून दोन खुणा करा. वरच्या खुणेपाशी लिंबू सोडा आणि खालच्या खुणेपर्यंत यायला किती सेकंद लागले ते बघा. निदान तीनदा करा, एकदा मधोमध, एकदा दोन्ही काठांशी, आणि सरासरी घ्या. समजा २० सेकंद आले, तर पृष्ठावरचा वेग ०.५ मीटर प्रतिसेकंद. तळाशी घर्षणाने पाणी मंद होतं, म्हणून याला ०.८ ने गुणायचं, ०.४ येतात. पात्र ६ मीटर रुंद, आणि अर्ध्या-अर्ध्या मीटरवर मोजलेल्या खोलीची सरासरी ०.३ मीटर. मग विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारं पाणी, ६ × ०.३ × ०.४ = ०.७२ घनमीटर प्रतिसेकंद. ०.८ ने का गुणलं, हा तोंडीतला आवडता प्रश्न आहे.

मोजमाप कृष्णेच्या मुख्य पात्रात केलं असेल, तर वाईच्या वरच्या अंगाला धोम धरण आहे हे जर्नलमध्ये नोंदवलंच पाहिजे. पाणी सोडलंय की नाही यावर तुमचा आकडा बदलतो. त्या दिवशीची तारीख, वेळ आणि वरून पाणी सुरू होतं का, या तीन गोष्टी नसतील तर त्या ०.७२ ला काही अर्थ नाही. आणि पाणी सोडणार असतील त्या दिवशी पात्रात उतरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

त्याच ओढ्यावर गोट्यांचा अभ्यास होतो. खाली जाताना गोटे लहान होत जातात का? समजा पाच ठिकाणं घेतली. अंतराचे क्रम १, २, ३, ४, ५ आणि गोट्यांच्या सरासरी आकाराचे क्रम, सगळ्यात लहान त्याला १ धरून, ५, ४, २, ३, १. फरक येतात –४, –२, १, १, ४. यांची बेरीज शून्य यायलाच हवी. नाही आली तर पुढे जाऊ नका, क्रम चुकलेत. वर्गांची बेरीज ३८. दोन क्रम एकमेकांशी किती जुळतात ते सांगणाऱ्या स्पिअरमनच्या सूत्रात घाला, १ – (६ × ३८) / (१२५ – ५), इथे १२५ हा ठिकाणांच्या संख्येचा, ५ चा घन, म्हणजे १ – १.९, उत्तर –०.९. "तीव्र ऋण सहसंबंध", म्हणजे अंतर वाढतं तसा आकार घटतो, असं लिहून बहुतेक मुलं पेन खाली ठेवतात. पण चौथ्या ठिकाणचे गोटे तिसऱ्यापेक्षा मोठे का निघाले? टोपोशीट काढून बघा, मध्ये एखादा ओहोळ येऊन मिळत असेल आणि नवे दगड आणत असेल. न जुळणाऱ्या आकड्याचं असं कारण शोधलेलं दिसलं की परीक्षकाला कळतं, हा विद्यार्थी खरंच ओढ्यावर जाऊन आलाय. शिवाय पाचच ठिकाणांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, हेही लिहा.

बाजाराचं सर्वेक्षण असेल तर प्रश्नावली लहान ठेवा. कुठल्या गावाहून आलात, कशाने आलात, काय विकता, दर आठवड्याला येता का. उत्पन्न विचारू नका, खरं कुणी सांगत नाही आणि विचारणंही बरं नाही. "बाजारात घाण फार असते ना?" असाही प्रश्न नको, त्यात उत्तर तुम्हीच देऊन टाकता. ओळखीच्या मावशींपाशीच थांबू नका, दर पाचवा विक्रेता घ्या, हीच नमुना निवड. समजा पाच जण ४, ५, ६, ८ आणि ४७ किमीवरून आलेत. मध्य, म्हणजे सरासरी, १४ येतो, पण चौदा किमीवरून एकही जण आलेला नाही. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ६. इथे मध्यक का घ्यायचा ते एका वाक्यात सांगता आलं, की सांख्यिकीचा अर्धा अभ्यास झाला.

आलेखांबद्दल थोडक्यात. पाऊस स्तंभाने, तापमान रेषेने. प्रमाण आधी ठरवा, मग अक्ष आखा. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीहून जास्त पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास. दोन्ही एका कागदावर बसवायचे तर १ सेंमीला ५०० मिमी धरा, माणचा स्तंभ निदान दिसेल तरी.

क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे प्रत्येक भागाला कमी-जास्त गडद छटा देऊन केलेल्या नकाशात, एकूण लोकसंख्या कधीच भरू नका. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्हा ९४,२९,४०८ आणि मुंबई उपनगर ९३,५६,९६२. एकूण आकड्यांवर छटा दिल्या तर दोन्ही जिल्हे सारखेच दिसतील. पण पुण्याचं क्षेत्रफळ १५,६४३ चौ. किमी आणि उपनगराचं ४४६. घनता एकीकडे ६०३, दुसरीकडे वीस हजारांच्या वर. छटा घनतेच्या. एकूण संख्या दाखवायची तर टिंब पद्धत, म्हणजे एका टिंबाला ठरावीक लोकसंख्या. आणि खाली "जनगणना २०११" हा स्रोत वर्षासकट लिहा.

तोंडीची तयारी एकट्याने होत नाही. मैत्रिणीच्या हातात तुमचं जर्नल द्या आणि कुठलंही पान उघडून चारच प्रश्न विचारायला सांगा. हा आकडा कुठे मोजला, कशाने मोजला, किती वेळा मोजला, आणि पुन्हा मोजायचा झाला तर काय बदलाल. शेवटच्या प्रश्नाला "काही नाही" हे उत्तर चालत नाही. "पाचाऐवजी पंधरा ठिकाणं घेईन", "सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा बाजारात जाईन", असं नेमकं सांगा.

आदल्या रात्री नवीन काही वाचू नका. जर्नलवर सही-शिक्का आहे का ते बघा. दोन टोकदार पेन्सिली, पट्टी, कर्कटक, कोनमापक, वळणाचं अंतर मोजायला हातभर दोरा आणि चालत असेल तर साधा कॅल्क्युलेटर. दोरा बहुतेक जण विसरतात आणि मग टोपोशीटवरचा वळणावळणाचा रस्ता पट्टीने मोजत बसतात.